दुसरा हात बाकी

१

चित्र जागेवर होतं. चित्रातलं चित्र गेलं होतं.

सहा फूट उंच, चार फूट रुंद प्लायवूड. आदल्या दिवशी दुपारी चारला मीच त्याला फ्रेम बसवून गेलो होतो. तेव्हा त्याच्यावर निळा होता, निळ्याखाली गंजासारखा तांबूस, आणि मधोमध एक वाकडा पिवळा पट्टा. आता सकाळचे नऊ. वरपासून खालपर्यंत पांढरं. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी नव्या फ्लॅटची भिंत असते तसं.

गॅलरीच्या मॅडम फोटो काढायला आल्या होत्या. त्यांनी मला फोन करून बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "गच्चीवरच्या या खोलीच्या किल्ल्या किती आहेत?"

"तीन. एक काकांची, खाली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. एक शिडीमामांची. एक माझी."

"आणि हे काय आहे?"

चित्राखाली जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती, रंग सांडू नये म्हणून. कागदांवर माझ्या दुकानाचा शिक्का. काल फ्रेम ज्यात गुंडाळून आणली तीच.

"मॅडम, मी ती इथेच टाकून गेलो होतो. कुणीही..."

"गेल्या आठवड्यात तू काय म्हणालास आठवतं? 'हॉस्पिटलच्या लॉबीत कोण बघणार आहे? पांढरी फळी टांगली तरी चालेल.'"

म्हणालो होतो. चहा पिता पिता, हसत. माझं तोंडच असं आहे.

"पाच वाजता हॉस्पिटलचा टेंपो येतोय. पाचपर्यंत कुणी केलं ते सांग. नाही सांगितलंस तर मी समजायचं ते समजेन, आणि या शहरातली एकही गॅलरी तुझ्याकडे फ्रेम टाकणार नाही. मला वाईट वाटेल, पण मी सांगणार सगळ्यांना."

माझ्या दुकानातलं निम्म्याहून जास्त काम त्यांचं. बाकीचं त्यांच्या ओळखीने आलेलं. मी कुठल्या शाळेत हे शिकलो नाही. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, फक्त नाव आहे.

त्यांनी चित्र भिंतीपासून जरा पुढे ओढलं. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं:

दुसरा हात बाकी.

"काल होतं हे?"

"नाही." मी स्वतः मागून खिळे ठोकले होते. नव्हतं.

मॅडम खाली बसल्या. "म्हणजे यात कुणा दुसऱ्याचा हात आहे. आणि त्याचं अजून काहीतरी करायचं बाकी आहे."

२

काकांबद्दल आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काका रंगारी. सोळाव्या वर्षापासून भिंती रंगवल्या. चित्रकला कुणी शिकवली नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या सुट्टीत डब्यांच्या तळाशी उरलेले रंग घेऊन एखाद्या भिंतीवर स्वतःसाठी काहीतरी काढत बसायचे. झाड नाही, माणूस नाही, नुसता रंगाला रंग. सुट्टी संपली की त्यावर पांढरा मारून कामाला लागायचे. शहरात शंभर तरी घरांत काकांची चित्रं आहेत आणि तिथे राहणाऱ्यांना पत्ता नाही.

पुढे काकूंनी हट्टाने घरी प्लायवूड आणून दिलं. तरी खोड तीच. चित्र झालं की आठ दिवसांनी त्यावर पांढरा. मग काकूंनी चोऱ्या सुरू केल्या. रंग वाळला की काका कामावर गेलेले बघून चित्र उचलायचं आणि बहिणीच्या घरी पलंगाखाली नेऊन ठेवायचं. आज काकांच्या नावावर जी सव्वीस चित्रं आहेत ती सगळी चोरीची आहेत.

मॅडमना काका सापडले तेही असंच. गॅलरीची भिंत रंगवायला आले होते. मॅडम लवकर पोचल्या, भिंतीवरचं बघितलं आणि म्हणाल्या, "याला हात लावू नका." काका म्हणाले, "पांढरी द्यायची ठरलंय," आणि त्यांच्यासमोर पांढरी करून दिली. मॅडम ही गोष्ट प्रत्येक भाषणात सांगतात.

आता काका एकाहत्तरचे. दोन आठवड्यांपूर्वी या चित्रावर वॉर्निश मारून ते म्हणाले, "हे शेवटचं." ब्रश धुतले, कागदात गुंडाळले. एक-दोन सोडून डबे वाटून टाकले. तेव्हापासून खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेत. ताट अर्धं परत जातं. मी हे बघत होतो, पण मला वाटलं, म्हातारी माणसं बसतातच.

गच्चीवरच्या खोलीतून मी एक जिना उतरून त्यांच्या घरात गेलो. काकू त्यांच्या उजव्या खांद्याला मलम चोळत होत्या. बाजूला औषधांचे डबे, प्रत्येकावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी. सकाळ. दुपार. हात, दोन वेळा.

"काका, वरचं कळलं?"

"कळलं," काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "मीच केलं."

काकूंचा हात खांद्यावर थांबला. मग पुन्हा चोळू लागला.

"कधी?"

"सकाळी."

"वरच्या कडेपर्यंत कसे पोचलात? तुमचा हात खांद्याच्या वर जात नाही. परवा शर्टसुद्धा काकूंनी घातला."

"शिडी आहे ना."

"शिडीवर बोटभर धूळ आहे. मी आत्ता बघून आलो."

काका म्हणाले, "मी म्हणतोय ना मी केलं. लिहून देऊ? जा ना बाबा आता."

खोटं बोलत होते. पण माणूस स्वतःचं चित्र बुडालेलं असताना कुणासाठी खोटं बोलतो?

३

शिडीमामा काकांचे तीस वर्षांचे जोडीदार. पूर्वी शिडी नेहमी यांच्या खांद्यावर असायची, ती आता गेली, नाव राहिलं. माझा पहिला संशय यांच्यावर, उगाच कशाला लपवू. प्रदर्शनाच्या पुस्तकात मॅडमनी लिहिलं होतं, "त्यांनी हा प्रवास एकट्याने केला." ते वाचून मामा महिनाभर काकांशी बोलले नव्हते. शिवाय उरलेले डबे काकांनी यांनाच दिले होते.

गुडघे धरत मामा जिना चढले. चित्रासमोर उभे राहिले. मी कमरेवर हात ठेवून, पोलिसासारखा.

"मामा, मागे लिहिलंय, दुसरा हात बाकी. काकांचा दुसरा हात म्हणजे तुम्हीच."

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि खोकला लागेपर्यंत हसले.

"अरे येड्या, फ्रेमला पॉलिश करतोस ना? किती हात देतोस?"

"तीन."

"मग?"

माझे कान गरम झाले. हात. पहिला हात, दुसरा हात. रंगाचा थर! मी स्वतः दिवसातून दहा वेळा हा शब्द बोलतो. घाबरलेल्या माणसाला स्वतःची भाषासुद्धा कळत नाही.

"म्हणजे हे कुणा रंगाऱ्याने लिहिलंय," मी म्हटलं. "म्हणजे पुन्हा तुम्हीच."

"थांब जरा." मामांनी पांढऱ्यावर नख मारलं. पापुद्रा निघाला. त्यांनी तो बोटांत चुरडला, हुंगला. "डिस्टेंपर. भुकटीचा, पाण्यातला. तोही वॉर्निशवर! चकचकीत पृष्ठभागावर हा धरतच नाही. धंद्यातल्या माणसाला मेला तरी सुचणार नाही. मला करायचं असतं तर मी ऑइल पेंट मारला असता. डबे माझ्याकडेच आहेत."

"मग कुणी अडाण्याने..."

"अडाणी नाही रे. बघ, फ्रेमला रंग लागू नये म्हणून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. खाली पेपर. शेवटचे फटकारे खालून वर काढलेत, आम्ही काढतो तसे. आणि भुकटीचा रंग असून एक गुठळी नाही. गाळून घेतलाय." मामा स्वतःशीच हसले. "आमच्यात रंग गाळायचं काम वहिनींचं. जुन्या कापडातून दोनदा गाळायच्या. आम्ही धंद्यात तिघं होतो, पाटीवर नावं दोघांची. पुस्तकात तर एकाचंच."

ते जायला निघाले. दारात वळून म्हणाले, "फार दमल्यासारखं काम आहे रे हे. वर वर पातळ होत गेलंय. बुटक्या माणसाचं."

मामा जिना उतरले. त्यांना कळलं होतं. मला कळायला अजून पाच मिनिटं लागली.

४

मी खाली बसलो आणि वर्तमानपत्रं नीट बघितली.

चार खड्डे. वाटीच्या बुडाएवढे, गोल, चौकोनात. शिडीचे पाय लांबट असतात. हे स्टुलाचे. वरच्या खोलीत स्टूल नाही.

फ्रेमवरची पट्टी सोलून बघितली. मी असतो तर चिकटपट्टी लावली असती. ही पिठाची खळ होती, अजून ओलसर. मी स्वतःशी बोलायला लागलो, तशी मला सवय आहे. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. स्टूल स्वयंपाकघरातलं. पीठ स्वयंपाकघरातलं. गाळायचं कापड स्वयंपाकघरातलं. बॉलपेनचा तो 'हात', त्यातल्या 'त'ची शेपटी लांब खाली ओढलेली. आणि मलमाच्या डब्यावरचा 'हात'?

सगळं जुळत होतं, एक सोडून. जी बाई तीस वर्षं पांढऱ्यापासून चित्रं पळवून वाचवते, ती स्वतः पांढरा मारेल कशाला?

मी बादलीत फडकं बुडवलं आणि खालचा कोपरा पुसला. डिस्टेंपर साबणासारखा सुटला. खालून निळा आला. वॉर्निशला ओरखडा नाही. चित्र जसंच्या तसं होतं.

साडेबारा वाजले होते. एक तास पुसलं की झालं. पाचचा टेंपो भरला असता, मॅडम खूश, माझं नाव शाबूत, कुणाला काही विचारायची गरज नाही. मी फडकं पिळलं आणि दुसरा हात फिरवणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"पुसू नकोस रे. पाया पडते तुझ्या."

५

काकू दारात उभ्या होत्या. कपाळावर केसांच्या मुळाशी पांढरा ठिपका, सकाळपासून तसाच.

"काकू, का?"

त्या खाली बसल्या. आमच्यात पाण्याची बादली.

"त्यांना बघतोस ना? दोन आठवडे झाले. शेवटचं म्हणाले आणि बसले. टेंपो आज हे घेऊन गेला की खोली रिकामी. मग ते उठतील कशासाठी? मी म्हटलं, काम बाकी ठेवावं. काम बाकी असलं की हा माणूस झोपत नाही, मरायचा तर प्रश्नच नाही."

"मग ऑइल का नाही मारलात? हे तर पाण्याने जातंय."

"तेलातला डबा उघडला होता." त्या फ्रेमच्या पट्टीशी चाळा करत होत्या. "एवढी वर्षं वाचवली चित्रं. हात चालेना. म्हटलं भुकटी घ्यावी. त्यांना वाटेल गेलं, आणि खरं गेलेलं नसेल."

"आणि मागे लिहिलंत ते?"

"ते खरं लिहिलंय. वरचा भाग बघितलास का कधी? तिथे एकच हात आहे. खांदा दुखायला लागला तिथे सोडला त्यांनी. मला दिसत होतं रोज." मग एकदम घाबरून, "त्यांना सांगू नकोस हां. मी केलं कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही मला. मॅडमना सांग, माहीत नाही म्हणून."

"काकू, मॅडम मला धरतायत."

त्यांना ते माहीतच नव्हतं. तोंडावर पदर घेतला आणि तशाच बसून राहिल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

खाली गेलो. स्वयंपाकघरात स्टुलाच्या एका पायाला पांढरा लागलेला. डब्यावरचा 'हात', शेपटी लांब. पुरावा पुरा झाला. मला अजिबात बरं वाटलं नाही.

"इकडे ये," खिडकीपाशी बसलेले काका म्हणाले. हळू आवाजात. "ती वर आहे?"

"हो."

"तिला सांगू नकोस मला कळलंय ते."

मी कपाळावर हात मारायचा बाकी होतो.

"मलम चोळत होती ना. हाताला डिस्टेंपरचा वास. आयुष्यभर हा वास माझ्या हाताला, तिच्या हाताला कधी नाही. सगळं आवरायची ती, ब्रशला तेवढा हात लावायची नाही. म्हणायची, ते तुझं. कंटाळली असेल. आयुष्यभर हेच बघत आली. म्हणून म्हटलं, माझ्यावर घ्यावं."

"काका, तुम्हाला राग नाही आला?"

"राग येतोय." आणि खरंच त्यांच्या भुवया चढल्या. "वॉर्निशवर डिस्टेंपर! पापुद्रे निघतायत?"

"निघतायत."

"निघणारच. असं कुणी अस्तर देतं का? धुवून काढायला पाहिजे, घासायला पाहिजे, मग काय ते. कोपरे तरी नीट केलेत?"

"कोपरे नीट आहेत. वर पातळ झालंय."

"स्टूल घेतलं असेल. शिडी घ्यायला काय झालं होतं?"

दोन आठवड्यांत पहिल्यांदा काका खुर्चीतून स्वतः उठले. मला म्हणाले, "चप्पल कुठंय बघ."

६

आम्ही तिघांनी चित्र धुतलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. काकू पाणी बदलत होत्या, काका डाव्या हाताने खालचं पुसत होते, मी वरचं. पांढरं पाणी जमिनीवरून मोरीकडे वाहत होतं.

निळा आला. तांबूस आला. पिवळा पट्टा आला. शेवटी वरचा दीड फूट, नुसता सपाट निळा. हॉस्पिटलसाठीच्या माहितीपत्रकात मॅडमनी त्याच्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता, "वरच्या भागातलं मौन."

मी ते काकांना बोलून दाखवलं.

"मौन कसलं," काका म्हणाले. "खांदा!"

काकूंना हसू फुटलं. ते दाबायला गेल्या आणि जास्तच फुटलं.

काका मागे सरकले. भिंतीला टेकून बराच वेळ बघत राहिले. मी घड्याळ बघत होतो. चार वाजून गेले होते.

"झालेलं नाही हे," ते म्हणाले. "वर दुसरा हात बाकी आहे. मला दिसत होतं, पण हात जात नव्हता. मग मी स्वतःला सांगितलं, झालं."

"आडवं ठेवू या?" मी म्हटलं.

"भिंत आडवी करून रंगवतात का रे?"

मग काका काकूंकडे न बघता म्हणाले, "स्टूल आण. नाही, स्टूल नको, शिडी पूस. आणि आधी तो जुना निळा गाळ."

"दोनदा?"

"दोनदा."

निळा गाळून झाला, मी पॉलिशपेपरने वरचा दीड फूट घासून काढला, तेवढ्यात खाली टेंपोचा हॉर्न वाजला.

आता माझ्याकडे उत्तर होतं. पुराव्यासकट. स्टूल, खळ, कापड, 'त'ची शेपटी. मी जिना उतरता उतरता ते मनात लावून बघितलं, अगदी चोख होतं. पण मॅडमना ते सांगितलं की त्या वर येणार. चित्र धुतलेलं, ओलं, शाबूत. त्या म्हणणार, ठरलं होतं ना आज द्यायचं? आणि काका शब्दाचा माणूस. गॅलरीची भिंत पांढरी करून दिली होती तसं हेही देऊन टाकणार, आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार.

मॅडम टेंपोपाशी उभ्या होत्या. उन्हात डोळे बारीक केलेले.

"कळलं?"

"मीच केलं मॅडम."

मी बोलत गेलो. "काल फ्रेम बसवताना पॉलिशचा डबा चित्रावर उपडा झाला. पुसायला गेलो तर पसरलं. घाबरलो. वरून पांढरा मारला."

"आणि ते मागे लिहिलेलं?"

"माझंच. दुसरा हात द्यायचा राहिला होता."

"निघेल का ते?"

"नाही. खालचं विरघळलंय. वर जाऊ नका मॅडम, काकांना बघवत नाहीये."

शेवटचं वाक्य बोलताना वरून काकांचा आवाज आला, "अगं, इतका नाही बुडवायचा ब्रश!" मॅडमनी वर बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही ते मला अजून माहीत नाही. मी विचारायला गेलेलो नाही.

"हुशार पोरगा होतास," त्या म्हणाल्या. "उद्यापासून माझं काम नको." टेंपोवाल्याला हाताने जा म्हणून सांगितलं आणि रस्त्याच्या कडेने चालत निघाल्या, एकदा चप्पल अडकली, पुन्हा चालल्या.

मी किल्ली द्यायला वर गेलो. आता मला तिचा उपयोग नव्हता.

काकू शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. एका हाताने शिडी घट्ट धरलेली, दुसऱ्यात ब्रश. शिडीचा पाय काकांनी धरलेला.

"खालून वर काढ. शेवटचा फटकारा खालून वर."

"माहीत आहे. तीस वर्षं बघतेय."

"बघणं वेगळं."

"मग तू चढ."

मी किल्ली खिळ्यांच्या डब्यात ठेवली. काकांनी ती बघितली, मग मला बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.

"किल्ली उचल," ते म्हणाले. "आणि ती फ्रेम काढ आधी. कडेला ब्रश अडतोय तिचा."

मी पक्कड घेतली आणि आदल्या दिवशी ठोकलेले खिळे एकेक करून उपसायला बसलो.

"याच्यावर तिसरा लागेल का?" वरून काकूंनी विचारलं.

"हा वाळू दे," काका म्हणाले. "मग बघू."